न्यूयॉर्क किती तास?

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत मुलं अमेरिकेत असलेले आईवडील डझनाने सापडतात. न्यूयॉर्क किती लांब, असं त्यांना विचारलं तर किलोमीटर कुणीच सांगत नाही. उत्तर येतं, "सोळा तास!" तेही स्वारगेट ते कोथरूड सांगावं इतक्या सहज.

मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. विमानाचा वेग ताशी नऊशे धरला तर चौथीतलं पोरही चौदा तास सांगेल. मग वरचे दोन कोण खातं? थोडे वळसे, बाकीचा वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्याही पुढे जातो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. म्हणून परतीचं विमान तास-दीड तास आधी पोचतं. यावर निवृत्त इंजिनिअर काकांचा सिद्धांत तयारच असतो: "पृथ्वी पूर्वेला फिरते ना? मग विमान नुसतं वर तरंगत राहिलं तरी न्यूयॉर्क आपोआप खाली यायला हवं!" यायला हवं खरं; पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि हवेबरोबर काकाही.

याच काकांनी भिंतीवरच्या नकाशावर फूटपट्टी ठेवून मार्ग आखला होता: अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक. काकूंनी शिवणाच्या डब्यातला दोरा काढला आणि नातवाच्या पृथ्वीगोलावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत ताणून धरला. दोरा चक्क अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे करत आइसलँडवर चढला. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता तोच. काकांनी फूटपट्टी मुकाट्याने कंपासपेटीत ठेवली.

अर्थात दोऱ्याला व्हिसा लागत नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि त्यांच्या वाट्याला अरबी समुद्रावरून लांबचा फेरा आला. तरी तक्रार करताना १९६० आठवावं. एअर इंडियाची बोइंग ७०७ तेव्हा न्यूयॉर्कला जायची ती लंडनमार्गे.

घड्याळाची गंमत तर निराळीच. जानेवारीत रात्री दीडला मुंबई सोडली, सोळा तास उडलं, की न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळचे सात! साडेपाच तासांत अमेरिका. परतताना मात्र हिशेब चुकता होतो: सकाळी साडेअकराला निघून साडेचौदा तास उडलं तरी मुंबईत दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडते.

आणि मुंबई म्हणजे काही पुणं नव्हे. घाटात ट्रक बंद पडेल या धास्तीने टॅक्सी संध्याकाळी पाचलाच दारात. विमानतळावर तीन तास आधी, तिकडे इमिग्रेशनची रांग, मग मुलाची गाडी न्यू जर्सीच्या वाटेला. दारापासून दारापर्यंत सव्वीस-सत्तावीस तास सहज होतात, आणि त्यातला घाट कुणी मोजत नाही.

पोचल्याचा फोन करणाऱ्यांसाठी एक सूचना: मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात. फरक तेव्हा साडेदहाचा नव्हे, साडेनऊ तासांचा धरावा.