भिलाईतील निवृत्त पोलादकर्मीचा लिनक्सप्रवेश : विधी आणि निषेध

संगणकाचा पडदा, कळफलक, छपाईयंत्र आणि स्मृती यांना एकमेकांशी भांडू न देता कामाला लावणाऱ्या मूळ आज्ञावलीस संचालन प्रणाली म्हणतात, आणि जिचा सारा मजकूर कोणासही वाचता, बदलता व वाटता येतो ती मुक्तस्रोत प्रणाली होय. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहून जगापुढे ठेवला, ती लिनक्स ही या वर्गातील सर्वांत परिचित प्रणाली आहे. भिलाई पोलाद कारखान्याच्या सेक्टरमधील क्वार्टरांत नोकरी काढून पुढे नेहरूनगर किंवा हुडकोत स्थिरावलेल्या मराठी गृहस्थाच्या घरी तिचा प्रवेश सहसा स्वेच्छेने होत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, घरातला संगणक विंडोज ११ ला अपात्र ठरला आणि दिवाळीला भाचा आला, अशी तीन कारणे एकत्र आल्यावर तो घडतो. त्यांपैकी पहिली दोन टाळता आली असती.

'भाचा' ही संज्ञा येथे नात्यापेक्षा व्यापक अर्थाने योजिली असून तीत पुतण्या, जावई व शेजाऱ्यांचा चिरंजीव यांचाही समावेश होतो. हा मनुष्य बहुधा पुण्याजवळ हिंजवडीत नोकरीस असतो, त्याच्या खिशात सदैव पेन ड्राइव्ह असतो आणि मामांचा संगणक संथ चालतो हे पाहून त्याला मनस्वी क्लेश होतात, मामांचे गुडघेही त्याच गतीने चालतात हे मात्र त्याच्या ध्यानात येत नाही. फराळ आटोपताच तो 'पाच मिनिटांचं काम आहे' असे म्हणतो, आणि या वाक्यापासून प्रस्तुत विधीस आरंभ होतो.

प्रथम नियम असा की, प्रणाली स्थापन करण्यापूर्वी ती नुसती चालवून पाहावी. लिनक्सची बहुतेक वितरणे, म्हणजे गाभ्याभोवती उपयुक्त आज्ञावल्या रचून तयार केलेले संच, पेन ड्राइव्हवरूनच सुरू होतात आणि संगणकातील जुन्या सामानास हात न लावता तासभर वापरता येतात. त्या तासाभरात आवाज येतो काय, वायफाय जोडले जाते काय, कॅमेरा चालतो काय आणि छपाईयंत्र ओळख देते काय, हे एकेक करून तपासावे. त्याआधी सर्व छायाचित्रांची प्रत वेगळ्या तबकडीवर काढून ती तबकडी मामींच्या कपाटात ठेवावी. भाचा या दोन्ही पायऱ्या गाळून थेट 'फॉरमॅट मारतो', आणि मग 'न्यू फोल्डर ३' या अत्यंत सूचक नावाखाली ठेवलेली धाकटीच्या बारशाची छायाचित्रे कोठे गेली, हा प्रश्न त्या घरात पुढील अनेक दिवाळ्या चर्चिला जातो.

द्वितीय नियम परवान्यासंबंधी आहे. लिनक्समध्ये दैनंदिन वापरकर्त्यास प्रणालीच्या अंतर्भागात ढवळाढवळ करता येत नाही. तसे करावयाचे झाल्यास टर्मिनल नावाच्या काळ्या चौकटीत आज्ञेपूर्वी 'सुडो' हा शब्द लिहून परवलीचा शब्द द्यावा लागतो, आणि तो टंकताना अनेक वितरणांत पडद्यावर ठिपकासुद्धा उमटत नाही. कळफलक बिघडला असे समजून अनेक नवशिके येथेच उठून जातात, वस्तुतः अक्षरे नोंदली जात असतात आणि केवळ त्यांची संख्याही पाठीमागून पाहणाऱ्यास कळू नये अशी ती व्यवस्था असते. 'सुडो' म्हणजे काय हे भाचा 'ॲडमिन', 'रूट' आणि 'प्रिव्हिलेज' अशा शब्दांनी अर्धा तास समजावतो. परंतु ज्याने तीस वर्षे रोलिंग मिलमध्ये देखभालीचे काम केले आहे, त्याला हे एका वाक्यात समजते, कारण यंत्राचे झाकण उघडण्यापूर्वी शटडाउन घ्यावे, परमिटवर सही घ्यावी, स्विचला पाटी अडकवावी आणि मगच पाना हाती धरावा, हे त्याच्या हाडीमांसी भिनलेले असते. १९५५ च्या सोव्हिएत कराराने उभ्या राहिलेल्या आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेल्या त्या कारखान्यात ज्याचे आयुष्य गेले, त्यास चूक दाखवणारा संदेश वाचण्याचे भय नसते. भाचा संदेश न वाचता 'ओके' दाबतो, मामा चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचतात आणि बहुतेक वेळा उत्तर त्या संदेशातच लिहिलेले असते. या विषयावरील ग्रंथांनी नवशिका कोणास म्हणावे याचा एकदा फेरविचार करावयास हवा.

एकाच संगणकात विंडोज व लिनक्स दोन्ही नांदवण्याचा मध्यममार्ग काहीजण स्वीकारतात. येथे घड्याळाचा घोळ होतो : संगणकाच्या आतील घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ ठेवते, आणि परिणामी लिनक्स वापरून पुन्हा विंडोजमध्ये आल्यास ते साडेपाच तास मागे पडलेले आढळते. दुपारी दोनची पाळी सुरू होण्याच्या वेळेस जो संगणक सकाळचे साडेआठ दाखवतो, त्याच्याविषयी पाळ्यांवर जगलेल्या मनुष्यास आदर वाटणे कठीणच. घड्याळ स्थानिक वेळेनुसार ठेवण्याची आज्ञा लिनक्सला एकदाच दिली की घोळ मिटतो, पण भाचा तोवर रेल्वेत बसलेला असतो.

भाषेचे प्रकरण अधिक नाजूक आहे. केडीई या लिनक्सवरील दर्शनी पटलाचे छत्तीसगढी रूपांतर रविशंकर श्रीवास्तव यांनी सिद्ध केले असल्याने, भिलाईच्या मातीतली बोली बोलणारा संगणक ही काही कल्पित वस्तू नव्हे, आणि मराठीसाठी इनस्क्रिप्ट कळफलकही प्रणालीसोबतच येतो. त्यात 'ळ' करिता शिफ्टसह एन आणि 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतील ऱ करिता शिफ्टसह जे दाबावे, एवढे लक्षात ठेवल्यास मराठीचा सन्मान राखला जातो. अडचण जुन्या कागदांची आहे. गणेशोत्सवाची पत्रिका सुपेल्यातील छापखान्यात कृतिदेव या हिंदी टंकात जुळवलेली असते, आणि त्या टंकात देवनागरी अक्षरे प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्याच जागी बसवलेली असल्याने, तो टंक नसलेल्या संगणकात 'श्री गणेशाय नमः' च्या जागी रोमन अक्षरांचा कचरा उमटतो. असे झाल्यास विघ्नहर्त्यास दोष न देता छापखान्याकडून पीडीएफ मागवावी.

आवृत्त्यांच्या नावांबाबत सावध असावे. लिनक्स मिंट या वितरणाच्या आवृत्त्यांना स्त्रियांची नावे देण्याचा प्रघात असून २०२१ साली आलेल्या २०.२ या आवृत्तीचे नाव 'उमा' होते. 'मामा, उमाला काढून टाकलं का?' असा प्रश्न दूरध्वनीवर मामींच्या समक्ष विचारू नये.

छपाईयंत्र घेण्यापूर्वी ते लिनक्सवर चालते याची खात्री करावी. घेतल्यानंतर करावयाचे काही उरत नाही.

दूरस्थ मार्गदर्शन हा या विधीचा सर्वांत दीर्घ भाग होय, कारण पुण्याहून आज्ञा सांगितली जाते आणि भिलाईत ती टंकली जाते. 'डॅश' म्हणजे आडवी रेघ की उभी, तिच्या आधी जागा सोडावी की नंतर, आणि 'पाइप' हा शब्द ऐकून कारखान्यातील मनुष्याने नेमके काय शोधावे, या प्रश्नांत संध्याकाळ संपते. आज्ञा लिहून पाठवाव्यात असे सुचवले, तर काही भ्रमणध्वनी शेजारी लिहिलेल्या दोन आखूड रेघा आपल्याच अकलेने जोडून एक लांब रेघ करतात आणि लिनक्स ती ओळखत नाही. वस्तुतः मामांच्या भ्रमणध्वनीतील अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच असल्याने ते कित्येक वर्षे लिनक्स वापरतच आहेत, परंतु हे सांगून धीर देण्याचा भाच्याचा प्रयत्न बहुधा फसतो. अखेर भाचा वैतागून 'परत इन्स्टॉल करून टाका' म्हणतो. मामा तसे करत नाहीत. एका झडपेत दोष आढळला म्हणून चालती भट्टी कोणी विझवत नाही, असे त्यांचे मत असून ते ग्राह्य मानावे.

त्याऐवजी मामा एक नोंदवही ठेवतात. तीत तारीख, वेळ, दोष, केलेली कृती आणि सही असे पाच रकाने आखलेले असतात, आणि महिन्याभरात दिसून येते की दोष घटत चालले आहेत, सहीचे अक्षर सुधारले आहे व शेजारचे दोन निवृत्त गृहस्थ आपापले संगणक पिशवीत घालून सल्ल्यास येऊ लागले आहेत. भाच्याचे दूरध्वनी आता चौकशीचे असतात. कधी कधी तर हिंजवडीतील त्याच्याच संगणकातल्या एखाद्या अडचणीचा तो सहज म्हणून उल्लेख करतो आणि पलीकडून पाने उलटल्याचा आवाज येईपर्यंत थांबतो.

एक नोंद तेवढी अपूर्ण राहते. पत्त्यांच्या एकट्याने खेळावयाच्या डावांचा लिनक्सवरील संच ऐंशीहून अधिक प्रकारांचा आहे. मामींना त्यांपैकी एकच प्रकार हवा असतो आणि तो त्यात आहेही. परंतु फार जुन्या विंडोजमध्ये डाव जिंकल्यावर सारे पत्ते पडद्यावर उसळ्या घेत खाली पडत, तसे येथे पडत नाहीत. ते विंडोज १० मध्येही पडत नव्हते, असा मुद्दा मामांनी एकदा मांडला आणि पुन्हा मांडला नाही. वहीत त्या ओळीपुढे नोंद आहे : 'पत्ते उडत नाहीत. भाच्यास कळविले.' कृतीचा रकाना कोरा असून सही मामींची आहे.