फीत कुठे कापायची?

आगाशीच्या तळ्यात रंगीत कारंजं बसवायचं, असं आमच्या एका भावी नगरसेवकांनी मनावर घेतलं आहे. (भावी हे पद आमच्याकडे तहहयात असतं.) भवानीशंकराच्या तळ्यात स्नान केलं की त्वचारोग जातात, अशी जुनी श्रद्धा. त्वचा देवाने सांभाळली, आता फुफ्फुसांचं दादा बघणार. संध्याकाळी गाणी, दिवे आणि तुषार थेट ज्येष्ठ नागरिकांच्या बाकांवर.

मी म्हटलं, “दादा, लिजिओनेलाला हेच आवडतं.”

“कोण या? आपल्या वॉर्डातल्या आहेत?”

यायला वेळ लागत नाही. साचलेलं पाणी, २५ ते ४५ अंश तापमान, टाकीच्या तळाचा गाळ आणि पाइपातला बुळबुळीत थर एवढ्यावर हा जंतू संसार थाटतो. असं पाणी प्यायल्याने सहसा काही होत नाही. बारीक तुषार श्वासातून आत गेले की न्यूमोनिया. म्हणजे ऑफिसात पिण्यासाठी फिल्टर लावून आपण ज्या दारावर पहारा ठेवला, त्या दाराने हा येतच नाही. १९७६ च्या जुलैत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन माजी सैनिकांचं अधिवेशन भरलं. ३४ माणसं गेली, आणि जंतू सापडायला पुढचा जानेवारी उजाडला. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या फुलांच्या प्रदर्शनात तिसेक बळी गेले. तिथे गरम पाण्याचा फवारता टब नुसता बघायला मांडला होता. शोभेसाठी!

आता आपल्या सार्वजनिक इमारती. पाण्याचा नेम नाही म्हणून टाकी मोठी, टाकी मोठी म्हणून पाणी साचतं. त्यात सूर्या धरण, बोअर आणि टँकर यांचा त्रिवेणी संगम. तज्ज्ञ सांगतात, गरम पाणी साठवाल तर ६० अंशांवर, थंड असेल तर २० च्या खाली. एवढं थंड पाणी मे महिन्यात आमच्याकडे फक्त रसवंतीगृहात सापडतं, तेही बर्फ टाकल्यावर. मग उरतं काय? टाकी घासणं, क्लोरीन मोजणं, वापरात नसलेले नळ दर आठवड्याला काही मिनिटं सोडून ठेवणं, शॉवरच्या जाळीवरचा क्षार काढणं, कुठेच न जाणारा पाइपाचा तुकडा कापून टाकणं.

दादांनी शांतपणे ऐकलं. “यात फीत कुठे कापायची?”

मी गप्प.

“आणि आगाशीत एक तरी केस आहे का?”

“न्यूमोनिया म्हटलं की औषध सुरू होतं, दादा. जंतू कुठला, हे कोण बघतं? लघवीच्या तपासणीत कळू शकतं.”

“मग तपासायचं कशाला? उगाच गावाचं नाव खराब.”

तरी माणूस दिलदार. आठवड्याभरात एका इमारतीच्या गच्चीवर ‘भव्य टाकी स्वच्छता शुभारंभ’ झाला. ढोल-ताशा, सत्कार, पेढे. टाकी खरोखर धुतली, त्याबद्दल तक्रार नाही. टाकीवर पाटीही लागली: ‘धुतल्याचा दिनांक’. त्यापुढच्या चौकोनात दादांचा हात जोडलेला फोटो आहे.