खासगीपणाची जाहीर मिरवणूक

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आपण तो फारच मनावर घेतला. शेजाऱ्याने पगार विचारला की कपाळाला आठ्या. पण ‘सहकुटुंब गोव्यात, रविवारपर्यंत!’ हे स्टेटस इस्त्रीवाल्यापासून जुन्या भाडेकरूपर्यंत सगळ्यांना खुले. चोराने पाळत तरी कशाला ठेवावी?

स्टेटसला आवर नाही, तसा फॉरवर्डलाही नाही. मेथीची जुडी आपण उलटसुलट करून घेतो. व्हॉट्सॲपवरचा ‘फॉरवर्डेड’ शिक्क्याचा मजकूर मात्र न वाचताच पुढे ढकलतो. २०१८मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच जणांचा जीव घेतला. त्याच वर्षी व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा जाहीर केली. आपण कायदा पाळणारी माणसं; पाच-पाच करत पन्नास गाठतो.