शटडाऊनकाका

शनिवारी दुपारी चार वाजता आमच्या दाराची बेल दोनदा वाजते, मग जरा थांबून एकदा. धाकटा टीव्ही बंद करतो, थोरली डोळे मिटून घेते आणि नवऱ्याला अचानक आंघोळ आठवते. शटडाऊनकाका आलेले असतात.

नाव धाकट्याने ठेवलेलं. काका रुवैसच्या एका रिफायनरीत प्लॅनर आहेत. रुवैस म्हणजे अबुधाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे अडीचशे किलोमीटर. दर काही वर्षांनी कारखाना ठरवून बंद करायचा, टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह उघडून तपासायचे आणि ठरल्या तासाला पुन्हा सुरू करायचा, याला शटडाऊन म्हणतात. तो एक दिवस लांबला तर किती दिरहम जातात, हे काका सांगत नाहीत. नुसते छताकडे बघतात.

मूळचे मिरजेचे, शिक्षण सांगलीच्या वालचंदमध्ये. काकू आणि मुलगा पुण्याला. मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि काकांचा फोन नेमका लेक्चर चालू असतानाच येतो, असं त्याचं म्हणणं. रात्री दहालासुद्धा. त्यामुळे शनिवार-रविवार शहरातल्या खोलीवर आले की काका इलेक्ट्रा स्ट्रीट ते मुसफ्फा या पट्ट्यातल्या मराठी घरांतली मुलं वाटून घेतात. इलेक्ट्रा स्ट्रीटचं नाव सरकारी पाटीवर झायेद द फर्स्ट स्ट्रीट असलं, तरी टॅक्सीवाल्यापासून आमच्यापर्यंत सगळ्यांसाठी तो इलेक्ट्राच. शनिवारचा पत्ता आमचा.

खांद्यावर कायम एक पिशवी. तिच्यात रंगीत पेनं, पट्टी, गुंडाळी केलेले कागद आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेचं एक जाडजूड पुस्तक. ती परीक्षा काकांना द्यायची आहे. पुस्तकात पिवळ्या रंगाने महत्त्वाचं, गुलाबीने फार महत्त्वाचं आणि हिरव्याने परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं, अशा खुणा आहेत. आता त्या पुस्तकात बिनमहत्त्वाचं काय आहे ते चटकन सापडतं. जे पांढरं राहिलं ते.

थोरलीची दहावी लागली त्या एप्रिलात काकांनी ऑफिसच्या मोठ्या प्रिंटरवरून एक चार्ट आणला. फ्रिजचं दार झाकून खाली हात-दीड हात उरला. त्यात बीजगणित, भूमिती, अरबी, सामाजिक शास्त्र, सगळ्यांच्या आडव्या पट्ट्या आणि मधून एक लाल रेघ.

"वहिनी, हा क्रिटिकल पाथ. या रेघेवरचं एक काम एक दिवस चुकलं की बोर्ड एक दिवस पुढे."

"बोर्ड पुढे जात नाही हो काका," थोरली म्हणाली.

"तेच तर!"

ही पद्धत 1957 च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीत बसवली गेली आणि तिचा पहिला उपयोग झाला त्यांत कारखान्याची दुरुस्तीही होती, ही माहिती काकांनी पोहे खाताना दिली. माहिती खरी आहे, मी नंतर पाहिलं. पण त्या ड्यूपाँटवाल्यांच्या फ्रिजला दार होतं आणि ते उघडायला लागायचं, हे काकांच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी दूध काढताना जुलै फाटला.

तसाही जुलै कागदावरच होता. इथल्या भारतीय शाळा एप्रिलात सुरू होतात, जून संपता संपता बंद होतात आणि आम्ही सगळे दोन महिने गावी जातो. सुट्टीचा गृहपाठ सुटकेसच्या तळाशी जातो आणि परतताना त्यावर लोणच्याची बरणी बसते. चार्टवर जुलै-ऑगस्टला काकांनी 'फ्लोट', म्हणजे हाताशी राखलेला मोकळा वेळ, असं लिहिलं होतं. तेवढंच अचूक निघालं.

धाकट्याला चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले तेव्हा काकांनी 'पाच का' काढले. जपानी टोयोटावाल्यांची ही युक्ती: प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का' विचारायचं, पाचव्याला मूळ सापडतं.

"गणित का सुटलं नाही?" वेळ पुरला नाही. "का?" गुणाकाराला वेळ लागला. "का?" पाढे येत नाहीत. "का?" कुणी म्हणून घेत नाही. "का?"

"आई सकाळी सातला ऑफिसला जाते," धाकटा म्हणाला.

काकांनी वहीत लिहिलं: मूळ कारण, आई. त्याखाली दोन रेघा ओढल्या. नवरा तेवढ्यात आंघोळीहून आला होता. तो परत गेला.

त्या दिवशी मी रागावले होते, पण नंतर काकांनीच त्याला जवळ घेऊन पाढे म्हणून घेतले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी करत थेट औटकीपर्यंत. औट म्हणजे साडेतीन. हे पाढे माझ्या आजोबांना यायचे, वडिलांना अर्धेमुर्धे, मला फक्त नावं. काकांना सगळे येतात, कारण मिरजेच्या शाळेत गुरुजी पाटी उपडी करायला लावून विचारायचे. समोर काही दिसत नसताना आठवायचं. अलीकडे वाचलं की 2006 साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी हेच तपासलं होतं. धडा पुन्हापुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे, पण आठवड्याने बघावं तर मिटून आठवणारे पुढे. गुरुजींनी त्यावर काही छापलं नाही. त्यांच्याकडे छडी होती.

पण पाटी उपडी करणं काकांना पद्धत वाटत नाही. पद्धतीला पेटी लागते, पट्टी लागते, नाव लागतं.

पेटीची गोष्ट सांगते. यंत्र दुरुस्त करताना कुणी चुकून बटण दाबू नये म्हणून रिफायनरीत स्विचला कुलूप घालून लाल चिठ्ठी बांधतात. काकांनी तेच अभ्यासाला लावलं. माझा लाडवांचा स्टीलचा डबा घेतला, कडीला कुलूप घातलं आणि चिठ्ठी बांधली: 'हाताळू नये. काम चालू आहे.' थोरलीचा फोन आत गेला, धाकट्याचा टॅब गेला, आणि आदर्श घालून द्यायचा म्हणून काकांनी स्वतःचाही फोन आत टाकला. किल्ली माझ्या जुडग्यात. मी जुडगा घेऊन खाली बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याकडे, कोथिंबीर आणायला गेले.

वर डबा वाजायला लागला. स्टीलमध्ये फोन वाजला की देवळातल्या झांजेसारखा वाजतो. काकांनी कान लावला आणि ओळखलं. त्या महिन्यात पहिल्यांदा मुलाने पुण्याहून आपण होऊन फोन केला होता.

मी परत आले तेव्हा काका डबा मांडीवर घेऊन बसले होते. थोरली पक्कड शोधत होती. धाकटा डब्याला तोंड लावून ओरडत होता, "दादा, थांब, आई येतेय!" कुलूप निघेपर्यंत फोन बंद झाला. काकांनी लावला तर मुलगा लेक्चरमध्ये होता.

त्या शनिवारनंतर डब्यात पुन्हा फोन गेले नाहीत. पुढच्या वेळी काकांनी टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ आणलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने असंच स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस-पंचवीस मिनिटं अभ्यास केला, तेव्हापासून ही पद्धत जगभर चालते. आमच्याकडे धाकटा पंचवीस मिनिटं टोमॅटोकडे बघत बसला.

थोरली मात्र त्या दिवशी रसायनशास्त्राचा पहिला धडा काकांना समजावत होती. म्हणजे काका तिला समजावणार होते, पण दहावीच्या प्रश्नपत्रिकेत हल्ली विधान आणि कारण देऊन दोन्हींचा संबंध जोडायला लावतात, हे काकांच्या काळात नव्हतं. ती सांगू लागली: लोखंडाला हवा आणि ओलावा लागला की गंज चढतो.

"मग आमचे पाइप आतून का गंजतात?" काकांनी सहज विचारलं. "आत तर तेल. हवा कुठाय?"

थोरली थांबली. पुस्तक चाळू लागली. काका उत्तर सांगायला तोंड उघडणार तोच टोमॅटो वाजला.

"पाच मिनिटं विश्रांती!" काका उठले, चहा प्यायले, विषय विसरले आणि रुवैसला गेले.

मंगळवारपर्यंत पोरीने घर डोक्यावर घेतलं. शाळेत मॅडमना विचारलं, जेवताना बापाला विचारलं, रात्री नेटवर बसली. शेवटी सापडलं: कच्च्या तेलात पाणी असतं, क्षार असतात, गंधकाची संयुगं असतात, आणि गंधकवाला वायू लोखंडाला खायला हवेची वाट बघत नाही. तिने काकांना मोठा मेसेज केला. काकांचा अंगठा आला आणि खाली एक ओळ: 'छान. पण हे वेळापत्रकात नव्हतं.'

सप्टेंबरात एकदा काका एबिंगहाउसवर बोलले. त्या जर्मन माणसाने 1885 साली स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं दोन तृतीयांश एका दिवसात पुसलं जातं. तासभर बोलून काका निघाले आणि वीस मिनिटांनी घामाने निथळत परत आले. चष्म्यावर वाफ धरली होती. गाडी कुठे लावली ते आठवत नव्हतं.

"पार्किंगचा मेसेज दाखवा," थोरली म्हणाली. पैसे भरल्याची वेळ 3.38. बेल चारला वाजली होती. "ही बाकरवडी कुठली?" मदिनत झायेदच्या मागच्या दुकानातली. पिशवीत बिल होतं, 3.50 चं. "दुकानात रांग होती?" होती, पाच-सहा जण. "मग बारा मिनिटं रांगेतच गेली. गाडी दुकानाच्या दाराशी आहे."

होती.

काका बराच वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. पुढच्या शनिवारी नवा चार्ट आला. त्यात एक नवी, जांभळी पट्टी होती: 'शनिवार, 5 ते 5.20: विचार करणे.'

बोर्डाची परीक्षा झाली. पेपर इथे सकाळी नऊला सुरू व्हायचे, कारण दिल्लीत तेव्हा साडेदहा वाजलेले असतात. शेवटचा पेपर झाला त्या शनिवारी काका 'लेसन्स लर्न्ट' बैठकीसाठी आले. शटडाऊननंतर ती घ्यायचीच असते. टेबलावर वही, पेनं आणि ते जाड पुस्तक ठेवलं.

"काका, तुमची परीक्षा कधी?" थोरलीने विचारलं.

"नियोजन चाललंय."

"किती वर्षं झाली?"

"अकरा. पण मध्ये दोन शटडाऊन होते."

थोरलीने पुस्तक उचललं, मिटलं आणि पाठीमागे धरलं. "पहिल्या धड्यात काय आहे? न बघता सांगा."

काका छताकडे बघू लागले. धाकट्याने टोमॅटोला किल्ली दिली. टिकटिक सुरू झाली. पंख्याखाली चार्टचा कोपरा फडफडत होता.

"वहिनी," काका हळूच म्हणाले, "चहा टाकता का जरा?"

"पंचवीस मिनिटांनी," मी म्हटलं.