हात आखडता, खिसा उघडा

पाकिस्तानशी क्रिकेट खेळावे की खेळू नये, या जुन्या वादावर आपल्या सरकारने ऑगस्ट २०२५मध्ये अखेर तोडगा काढला. द्विपक्षीय मालिका खेळणे म्हणजे देशद्रोह. तेच अकरा जण आशिया चषकात समोर आले की बहुराष्ट्रीय कर्तव्य! गटात ओमान आणि अमिराती बसवले की शत्रुत्व आपोआप पातळ होते.

पहलगाममधल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जणांचे प्राण गेले, त्याला पाच महिनेही झाले नव्हते. सिंधू जलकरार स्थगित झाला, अटारीची चौकी बंद झाली. जाहिरातींची वाट तेवढी मोकळी राहिली. सूड घ्यायलाही मुहूर्त नामी सापडले: १४, २१ आणि २८ सप्टेंबर, सलग तीन रविवार, भारतीय वेळेनुसार रात्री आठ वाजता, दुबईत.

पहिल्या सामन्यानंतर कर्णधार सूर्यकुमार यादवने हस्तांदोलन टाळले आणि विजय सैन्यदलांना अर्पण केला. जाहिरातींचे उत्पन्न कोणाला अर्पण झाले, ते कोणीच सांगितले नाही. पाकिस्तानचा बाणाही तसाच. हस्तांदोलनाच्या वादावरून, सामनाधिकारी अँडी पायक्रॉफ्टना हटवा, नाहीतर पाहा, असे म्हणत ते अमिरातीविरुद्ध तासभर रुसले. मग पायक्रॉफ्टच्याच देखरेखीखाली मुकाट खेळले.

अंतिम सामना आपण पाच गडी राखून जिंकला, पण चषक मोहसिन नक्वींच्या हातून घ्यायला नकार दिला. नक्वी पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाचे आणि आशियाई परिषदेचे अध्यक्ष, शिवाय देशाचे गृहमंत्री. मंत्र्याने क्रिकेट चालवण्याचे नवल मराठी माणसाने तरी करू नये; कृषिमंत्रिपद सांभाळत शरद पवारांनी बीसीसीआय आणि आयसीसी, दोन्हींचे अध्यक्षपद भूषवले. असो. अधिकारी चषक घेऊन निघून गेले आणि आपल्या वीरांनी हवेतला चषक उंचावून जल्लोष केला. प्रक्षेपणाचे पैसे मात्र अजिबात हवेतले नव्हते.

१९७४मध्ये आपला टेनिस संघ डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. भारताने खेळायचेच नाकारले आणि चषक न खेळता त्यांच्या पदरात पडला. त्या संघातल्या अमृतराज बंधूंच्या पिढीला तशी संधी पुन्हा १९८७मध्येच मिळाली, आणि तेव्हा स्वीडनने हरवले. डेव्हिस चषक आपल्याला आजतागायत मिळालेला नाही.

बहिष्कार घालायचा तर असा, पदरचे काही घालवून. ते जमत नसेल तर खुशाल खेळा, पैसे मोजा आणि समोरच्याशी हातही मिळवा.