एका डब्याचे दोन जन्मदाखले

जून 2017 मध्ये सौदी अरेबियासह चार देशांनी कतारची नाकेबंदी केली, तेव्हा दुबईच्या जेबेल अलीऐवजी ओमानच्या सोहारमार्गे माल येऊ लागला, पुरवठादार बदलले, आणि पुरवठादाराच्या क्रमांकावर नोंदी ठेवणाऱ्या कोणत्याही डेटाबेसमध्ये टोमॅटो पेस्टच्या त्याच डब्याला दुसरा जन्म घेण्याची सोय झाली. प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची स्वतंत्र ओळख, येथे कामाची नाही, कारण ती दोन्ही नोंदी इमानेइतबारे वेगळ्याच मानते. एकच मूल्य दोनदा न येऊ देणारे बंधन हवे ते बारकोडवर, आणि त्याचे सुरुवातीचे शून्य तर एका पुरवठादाराच्या यादीत स्प्रेडशीटने आधीच गिळलेले असते. मग साफसफाई करताना जुळ्यांपैकी एक पुसला जातो (बहुधा खरेदीची बिले ज्याला जोडलेली आहेत तोच), आणि हिशेबतपासनीस येईपर्यंत गोदाम निर्दोष दिसते.