बिअर आली, दुभाष्या राहिला

जून २०२१ मध्ये जर्मन लष्कर अफगाणिस्तानातला मझार-ए-शरीफचा तळ गुंडाळत होतं, तेव्हा साहेबलोकांपुढे मोठाच पेच पडला. कोठारात साडेबावीस हजार लिटर दारू उरली होती, बहुतेक बिअरच. धोका वाढल्यामुळे जवानांना पिण्याची बंदी. मुस्लिम देश, म्हणजे बाजारात विकायची सोय नाही. अखेर ठेकेदार गाठून ती परत न्यायचं ठरलं. मेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ तळावर उभा केलेला सत्तावीस टनांचा दगडही उचलला. दगडाबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या माणसांची आठवण परक्या मुलखात टाकून येऊ नये, हे कोणालाही पटेल. पण या जवानांच्या बरोबर चालत 'पुढच्या वळणावर सुरुंग आहे म्हणतायत' असं सांगणारे दुभाषे होते, त्यांच्या गाड्या हाकणारे होते, त्यांच्यासाठी रांधणारे होते. त्यांच्यातल्या कित्येकांना उत्तर मिळालं ते असं: अर्ज करा, पाहू. दोन महिन्यांत काबूल पडलं.

ब्रिटिशांची तऱ्हा आणखी न्यारी. ऑगस्टात काबूल विमानतळाच्या फाटकाबाहेर माणसं गटारात उभी राहून कागद फडकवत होती. त्याच आठवड्यात एका माजी मरीनच्या आश्रयगृहातली दीडशेवर कुत्री-मांजरं खास विमानाने लंडनला सुखरूप पोचली. त्यांना सांभाळणारे अफगाण कर्मचारी त्या विमानात नव्हते. ते मागाहून पाकिस्तानमार्गे निघाले.

तर मुद्दा असा, की ज्या देशाने परक्या भूमीवर युद्ध केलं त्याने त्या युद्धातले निर्वासित घरात घ्यावेत का? घ्यावेत. याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. खरं भांडण आहे ते कोणाला आणि कशाबद्दल घ्यायचं याचं, आणि तिथे भलेभले सज्जनही हातचलाखी करतात.

आधी दुर्जनांचं बघू, ते सोपं आहे. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं. पुढच्याच महिन्यात गॅलप या जनमत चाचणीवाल्या संस्थेने अमेरिकनांना विचारलं, व्हिएतनामी निर्वासित घ्यावेत का? ५४ टक्के म्हणाले, नको. हो म्हणणारे ३६. वर्षानुवर्षं त्या देशावर बॉम्ब ओतले, जंगलांवर विष फवारलं, आणि तिथली माणसं दारात आली तर 'आमच्या नोकऱ्यांचं काय?'

मौज म्हणजे नको म्हणणाऱ्यांत पुढे कोण होते? कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर जेरी ब्राउन, तरुण, पुरोगाम्यांच्या गळ्यातले ताईत. निर्वासितांची विमानं आपल्या राज्यात उतरू नयेत म्हणून त्यांनी खटपट केली. युद्धाला विरोध करत अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेले जॉर्ज मॅकगव्हर्न म्हणाले, यातल्या बहुतेकांनी परत गेलेलं बरं. युद्धाला विरोध केला की युद्धाच्या बिलातून आपलं नाव वगळलं जातं, अशी या मंडळींची समजूत असावी. बिल देशाच्या नावे फाटतं हो. भाषणात काय म्हणालात ते त्यावर छापलेलं नसतं. उलट जेराल्ड फोर्ड, निवडून न येता अध्यक्ष झालेला मिळमिळीत म्हणून हिणवला गेलेला रिपब्लिकन माणूस, तो मात्र संतापला, काँग्रेसच्या मागे लागला आणि २३ मे रोजी कायद्यावर सही करून मोकळा झाला. त्या वर्षी सव्वा लाखाच्या वर माणसं आली.

सॅक्रामेंटोजवळच्या एका छावणीत हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची नायिका टिपी हेड्रन मदतीला जायची. तिथल्या व्हिएतनामी बायका तिच्या नखांकडे टक लावून बघतात हे तिच्या ध्यानात आलं. तिने आपली नखं रंगवणारी बाईच छावणीत नेली आणि वीसेक जणींना तो धंदा शिकवला. आज अमेरिकेतली निम्मी-अर्धी नखं व्हिएतनामी हात रंगवतात. नको म्हणणाऱ्या ५४ टक्क्यांच्या लेकीसुना तिथे निवांत बोटं पसरून बसलेल्या असतात. कोणाची नोकरी गेली ते अजून कळलेलं नाही.

इराकच्या वेळी तर लाजेची हद्द झाली. २००३ मध्ये युद्ध सुरू झालं. लाखो इराकी सीरिया-जॉर्डनमध्ये जाऊन पडले. २००६ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेने त्यातले किती घेतले? दोनशे दोन. चार-पाच एसटी गाड्यांत मावतील एवढे. युद्धाशी काडीचा संबंध नसलेल्या स्वीडनमध्ये सोडेरटेलिये नावाचं, तेव्हा ऐंशी हजार वस्ती असलेलं गाव आहे. तिथले महापौर आंदेर्स लागो २००८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन अमेरिकी लोकप्रतिनिधींना तोंडावर सांगून आले, की आमच्या एका गावाने तुमच्या आणि कॅनडाच्या मिळून घेतलेल्यांपेक्षा जास्त इराकी घेतलेत. शिव्या न देता एवढी सणसणीत थोबाडीत मारलेली मी तरी दुसरी ऐकली नाही.

मग अमेरिकेला उपरती झाली आणि खास व्हिसा निघाला. आधी इराकींसाठी, २००९ मध्ये अफगाणांसाठी. आपल्या सैन्याबरोबर काम केलेल्यांनी यावं. इथेच सज्जनांची हातचलाखी सुरू होते, पण आधी तो व्हिसा जवळून बघा. चौदा पायऱ्या. कायदा म्हणतो नऊ महिन्यांत निकाल द्या, प्रत्यक्षात वर्षं लागायची. नोकरीचा दाखला हवा. आणि ज्या ठेकेदार कंपनीने कामाला ठेवलं ती केव्हाच दुकान बंद करून गेलेली. अमेरिकन वरिष्ठाचं शिफारसपत्र हवं; आणि तो कॅप्टन बदलून गेला, निवृत्त झाला, त्याचा ईमेल चालत नाही. शिवाय जिवाला धोका आहे हे अर्जदाराने लिहून द्यायचं. तालिबान रात्री दाराला चिठ्ठी अडकवून जायचे, ती लोक जपून ठेवायचे. धमकी हाच पुरावा. मरणाची नोटीस फायलीला लावून ठेवायची वेळ फार थोड्या नोकरदारांवर येत असेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान काबूलच्या वेशीवर आले तेव्हा घरोघरी शेगड्यांत हेच कागद जळत होते. पलटणीबरोबर काढलेले फोटो, मेजरसाहेबांची प्रशस्तिपत्रं. विमानात चढायला तेच कागद लागणार आणि नाक्यावर झडतीत तेच सापडले तर गोळी. ठेवावेत तर मरण, जाळावेत तर व्हिसा नाही. आणि तिकडे अमेरिकी वकिलातीत कर्मचाऱ्यांनी निघता निघता कागदपत्रं नष्ट केली, त्यात व्हिसासाठी जमा केलेले अफगाणांचे पासपोर्टही गेले. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून. हेतू उत्तम.

ब्रिटनने निदान यादी तरी केली. २०२२ च्या फेब्रुवारीत संरक्षण खात्यातल्या कोणीतरी ती एक्सेल फाइल भलत्यालाच ईमेल केली. आश्रय मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाणांची नावं त्यात. सरकारला हे दीड वर्षाने कळलं, तेही फेसबुकवर त्यातला भाग झळकला तेव्हा. मग सरकारने कोर्टाकडून असा हुकूम मिळवला, की ही बातमी छापायची नाही आणि छापायला बंदी आहे हेही छापायचं नाही. जुलै २०२५ पर्यंत ब्रिटिश जनतेला पत्ता नव्हता. दोन्ही पक्षांची सरकारं यात आली. गुप्तता म्हणतात ती अशी पाळावी; फक्त फाइल पाठवायच्या आधी पाळली असती तर बरं.

आता हातचलाखीकडे येऊ. दुभाष्यासाठी गळा काढणारे लोक, त्यात अमेरिकी माजी सैनिक आले, संपादक आले, हॉलिवूडवाले आले, सगळे म्हणतात की त्याने आपली सेवा केली, त्याचं ऋण आहे. अगदी मान्य. पण सेवेचा मोबदला म्हणून दिला तो व्हिसा म्हणजे बक्षीस. ज्या माणसाने तुमची काहीच सेवा केली नाही, जो आपल्या डाळिंबाच्या बागेत होता आणि ज्याच्या घरावर तुमचा बॉम्ब पडला, त्याच्यासाठी कुठला व्हिसा? त्याच्या नावे पायरी पहिलीसुद्धा नाही. युद्धाची जबाबदारी त्याच्या बाबतीत सर्वांत जास्त आणि रांगेत तो कुठेच नाही. गरज सरो नि वैद्य मरो ही कृतघ्नता झाली, ती सुधारता येते. पण ज्याचं घर तुम्ही पाडलं त्याला 'तू आमच्याकडे नोकरीला होतास का?' असं विचारायचं, याला काय म्हणावं?

अशांसाठी अमेरिकी लष्कराकडे एक खातं होतं. सांत्वनरक्कम. चुकून कोणी मेलं तर माणशी साधारण अडीच हजार डॉलरपर्यंत. कायद्याने मिळणारी रीतसर भरपाई लढाईतल्या नुकसानीला लागू नाही, आणि ही सांत्वनाची रक्कम म्हणजे चुकीची कबुली नव्हे, असं बजावून दिली जाई. एक अपवाद सापडतो. २९ ऑगस्ट २०२१ ला काबूलमध्ये ड्रोनने एका घराच्या अंगणातली मोटार उडवली, दहा माणसं गेली, त्यात सात मुलं. पेंटागॉन आधी म्हणालं, अतिरेकी मारला. पत्रकारांनी छडा लावल्यावर म्हणालं, चूक झाली, आणि नातेवाइकांना अमेरिकेत आणायची तयारी दाखवली. पण मारला गेलेला तो ड्रायव्हिंग सीटवरचा गृहस्थ कोण होता? एका अमेरिकी मदतसंस्थेचा नोकर. म्हणजे तिथेही दाखला निघालाच.

'यांना घेतलं आणि उद्या यांनीच गोळ्या घातल्या तर?' हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. २६ नोव्हेंबर २०२५ ला व्हाइट हाउसपासून हाकेच्या अंतरावर नॅशनल गार्डच्या दोघांवर गोळीबार झाला, त्यातली एक तरुणी गेली. आरोपी अफगाण, २०२१ मध्ये आलेला. लगेच सगळ्या अफगाणांचे व्हिसा बंद. पण हा आरोपी कोण? सीआयएच्या आधाराने कंदाहारमध्ये लढणाऱ्या तुकडीतला माणूस. त्याला पारखलं होतं, हत्यार दिलं होतं, वर्षानुवर्षं वापरलं होतं. माणूस ओळखण्यात चूक झाली असेल तर ती विमानतळाच्या खिडकीवर झाली नाही. आणि तिची शिक्षा कोणाला, तर ज्याने आयुष्यात बंदूक धरली नाही अशा मास्तरणीला, जी इस्लामाबादमध्ये भाड्याच्या खोलीत मुलाखतीच्या तारखेची वाट बघते आहे. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांसाठी मात्र निर्वासितांचं दार सताड उघडलं होतं. त्यांच्याशी अमेरिकेने कुठलं युद्ध केलं होतं ते मला आठवत नाही.

दुसरा आक्षेप, शिकलेसवरलेले असे निघून आले तर त्यांचा देश कोण उभारणार? हा ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत नाही अशांनीच घ्यावा.

बरं, हे सगळं वाचून आपल्या छात्या फुगल्या असतील. आपण १९७१ चं नाव घेतो, आणि घ्यावंच. जवळपास एक कोटी माणसं पूर्व पाकिस्तानातून आली, त्यांना सीमेवर अडवलं नाही. ज्यांचं वय आहे त्यांना पत्रावर जादा चिकटवावं लागणारं पाच पैशांचं निर्वासित मदतीचं तिकीट आठवेल. देश गरीब होता आणि कुरकुर फारशी नव्हती.

पण आपण परक्या भूमीवर आणखी एकदा लढलो आहोत, त्याचं नाव कोणी घेत नाही. जुलै १९८७ ते मार्च १९९०, श्रीलंका. शांतिसेना. अकराशेहून अधिक जवान गेले. तिथल्या तमिळ माणसांचं काय झालं? २१ ऑक्टोबर १९८७ ला जाफन्याच्या रुग्णालयात रुग्ण, डॉक्टर, परिचारिका मिळून साठहून अधिक जण मेले. आपल्या जवानांनी मारले असं तिथले लोक सांगतात, चकमकीत सापडले असं आपलं लष्कर म्हणतं. त्या यादवीतून पळून आलेली पन्नास हजारांहून अधिक माणसं आजही तमिळनाडूच्या छावण्यांत आहेत. दुसरी-तिसरी पिढी. आपल्याकडे निर्वासितांचा कायदाच नाही, त्यामुळे कायदा मोडल्याचा आरोपही कोणी करू शकत नाही. २०१९ ला नागरिकत्वाचा कायदा दुरुस्त केला. त्यात पाकिस्तान आहे, बांगलादेश आहे, अफगाणिस्तान आहे. जिथे आपण फौज धाडली तो देश नाही. छावण्यांतल्या या तमिळांतले बहुसंख्य हिंदूच आहेत, हे बहुधा कोणाच्या लक्षात आलं नसावं. मे २०२५ मध्ये एका श्रीलंकन तमिळाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं, की भारत म्हणजे काही धर्मशाळा नव्हे. सप्टेंबरात केंद्राने मोठ्या मनाने एवढं केलं, की २०१५ च्या जानेवारीपर्यंत आलेल्या नोंदणीकृत तमिळांना पासपोर्ट-व्हिसाविना राहिल्याबद्दल शिक्षा होणार नाही. नागरिकत्वाचं बोलू नका.

तमिळनाडूतल्या मंडपमच्या छावणीत जन्मलेल्या एका बाईला मद्रास उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये भारतीय पासपोर्ट द्यायला लावला, आणि २०२४ च्या लोकसभेला तिने मतदानही केलं. ती काही जास्त निष्ठावान वगैरे नव्हती. तिचा जन्म एप्रिल १९८६ चा, एवढंच. १ जुलै १९८७ च्या आधी या मातीत जन्मलेला तो जन्माने भारतीय, असा नियम. त्या तारखेपासून पुढे आई किंवा बाप भारतीय हवा. त्याच छावणीत, त्याच पत्र्याखाली त्या जुलैत जन्मलेलं पोर आज चाळिशीला टेकलंय आणि अजून श्रीलंकेचं निर्वासित आहे. त्या महिन्याच्या अखेरीस आपली फौज जाफन्याला उतरली. तिला पासपोर्ट लागला नव्हता.